डीएनएच्या आधीचे चार तास

ऊसतोडीची टोळी फडात शिरते आणि पाचटाखाली कवटी दिसते. घाटातल्या दरीत करवंदीच्या जाळीत बरगड्या सापडतात. रस्ता रुंद करताना जेसीबीच्या बकेटमध्ये मांडीचं हाड येतं. कोल्हापुरात अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: अवशेष सीपीआर रुग्णालयाला पाठवले असून डीएनए तपासणीनंतर ओळख पटेल. पुढे काय झालं ते सहसा छापून येत नाही. त्यामुळे वाचणाऱ्याचा समज होतो की प्रयोगशाळेत अहवाल तुंबलेत, आणखी यंत्रं घेतली की काम मार्गी लागेल.

यंत्रं घ्यावीत, त्याला कुणाचा विरोध असायचं कारण नाही. पण सांगाड्याची ओळख बऱ्याचदा शेतातच हुकते, हाड जमिनीतून उचलताना, पहिल्या तीन-चार तासांत. त्या वेळी तिथं हाडं वाचता येणारा माणूस लागतो आणि आपल्या व्यवस्थेत त्याला वेगळी जागा नाही. राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक मानवशास्त्राचं, म्हणजे फॉरेन्सिक अँथ्रोपॉलॉजीचं, एक कायम पद निर्माण करावं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे त्याला जोडावेत, एवढीच मागणी इथं मांडायची आहे.

डीएनएचा मुद्दा आधी संपवू. हाडातून मिळतो तो आकड्यांचा एक संच. तो ताडून बघायला दुसरा संच लागतो. आई, बाप, मुलगा, मुलगी, कुणाचा तरी. पण रक्त कुणाचं घ्यायचं? बेपत्तांच्या नोंदीत पुरुष आहेत, बायका आहेत, सतरा वर्षांची पोरं आहेत, सत्तरीतले म्हातारे आहेत. सांगाडा बाईचा, वय तीस ते पन्नास, उंची पाच फुटांच्या आसपास, डावं मनगट कधीतरी मोडून जुळलेलं, एवढं कळलं की त्या लांबलचक यादीतून चार-पाच घरं उरतात. मग नमुने मागवण्याला अर्थ येतो. बेपत्तांच्या आणि बेवारस मृतदेहांच्या डीएनए नोंदी देशभरासाठी एका जागी ठेवायची तरतूद ज्यात होती, ते २०१९ चं डीएनए तंत्रज्ञान विधेयक केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. तेव्हा इकडून हाड घातलं आणि तिकडून नाव बाहेर आलं, असं होण्यासाठी मागे जी नोंदवही लागते तीच आपल्याकडे नाही.

आता ते चार तास. हाड दिसलं की गर्दी जमते, कुणीतरी कवटी उचलून उलटीपालटी करून बघतो. पोलीस पाटील येतात, ठाण्यातून माणसं येतात, आणि अंधार पडायच्या आत सगळं पोत्यात भरून दवाखान्यात पोचवायची घाई सुरू होते. यात हलगर्जीपणाच असतो असं नाही. वेगळं काही कुणी शिकवलेलंच नसतं. पोत्यात येतात ती मोठी हाडं: कवटी, मांड्या, नडग्या, कंबर. माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ हाडं दोन हातांच्या आणि दोन पायांच्या पंजांत असतात, ती ढेकळांत ओळखू येत नाहीत. एका मुळाचे पुढचे दात कवटी हलवताच गळतात. गळ्यातलं नालाच्या आकाराचं हायॉइड हाड फावड्याच्या पहिल्या घावातच जातं, आणि गळा दाबल्याचा काही माग राहिला असेल तर तो पुष्कळदा त्याच हाडावर असतो. बाई गरोदर असेल तर गर्भाची हाडं कंबरेच्या पोकळीतल्या मातीत असतात. ती माती आपण शेतातच झटकून येतो.

नीट पद्धत अवघड नाही, वेळखाऊ आहे. काहीही न हलवता चारी बाजूंनी फोटो, प्रत्येक फोटोत मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण. दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याशेजारी झेंडी. कुत्री, कोल्हे, रानडुकरं हाडं ओढून नेतात, म्हणून माणसांची ओळ करून हातभर अंतराने पार बांधापर्यंत चालत जायचं. मग सुतळीने मीटर-मीटरचे चौकोन आखायचे, पाचट हाताने वेचायचं आणि माती थापीने व बांबूच्या कामट्यांनी दहा-दहा सेंटिमीटरच्या थरांत काढायची. लोखंडी टोक हाडाला लागलं की ओरखडा उठतो, आणि तोच ओरखडा पुढे कोर्टात कोयत्याचा वार ठरू शकतो. निघालेली सगळी माती ६ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवी. कवटी, कंबर आणि हातापायांखालची ३ मिलिमीटरच्या. ओलसर हाड प्लास्टिकमध्ये बांधलं की बुरशी धरते आणि डीएनए कुजतो, म्हणून कागदी पिशवी आणि पुठ्ठ्याचं खोकं. डावा हात वेगळा, उजवा वेगळा. डीएनएसाठी दाढा आणि मांडीच्या हाडाचा मधला तुकडा सफाईच्या आधी काढून ठेवायचा. ब्लीचिंगच्या पाण्यात उकळून पांढरी शुभ्र केलेली हाडं शिकवायला छान दिसतात, त्यांतून डीएनए मात्र मिळेलच याचा भरवसा नाही.

यंत्राने कबरी उकरल्यावर काय होतं ते अर्जेंटिनाने पाहिलंय. लष्करी राजवट १९८३ मध्ये गेल्यावर न्यायालयांच्या आदेशाने बेनामी कबरी उघडायला सुरुवात झाली आणि त्या कामाला बुलडोझर लावले गेले. हाडं मोडली, एकाची दुसऱ्यात मिसळली. १९८४ मध्ये अमेरिकेतून न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो आले. त्यांनी पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून थापी आणि ब्रश चालवायला शिकवलं. त्या पोरांचंच पुढे एक पथक झालं आणि जगभर कबरी उघडायला त्यांना बोलावणी येऊ लागली.

विद्यार्थी आपल्याकडेही आहेत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाचं १९४५-४६ मध्ये उत्खनन करणारं डेक्कन कॉलेज पुण्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात मडक्यांत पुरलेली तान्ह्या मुलांची हाडं त्यांच्याच माणसांनी जपून काढली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. हे कौशल्य गृह खात्याच्या आणि वैद्यकीय शिक्षण खात्याच्या कागदावर कधी एकत्र आलं नाही, इतकंच.

बाहेरून तज्ज्ञ बोलावू, असं कुणी म्हणेल. अडलेल्या वेळी बोलवावा. पण इथली माती आणि इथल्या अंत्यविधीच्या रीती ज्याला ठाऊक नाहीत तो हमखास फसतो. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडकडची तांबडी जांभ्याची माती आम्लधर्मी. ती हाड खाते, आणि थोड्या वर्षांतलं हाडही जुनाट दिसू लागतं. शिरोळ, हातकणंगल्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीत हाडं जागची सरकतात, उभी तडकतात आणि वरच्या थरातली वस्तू भेगेतून खाली जाऊन बसते. अशा जमिनीत हाडाशेजारी सापडलेलं गुटख्याचं पाकीट काळ ठरवायला पुरत नाही. उसाच्या रानात पाचट पेटवलं जातं, त्यामुळे भाजलेलं हाड म्हणजे जाळून पुरावा नष्ट केला, हा निष्कर्षही घाईचा ठरतो. मांस असताना जळलेल्या हाडावर आडव्या, वळणदार भेगा पडतात आणि ते पिळवटतं. सुकलेलं हाड जळलं तर भेगा बहुधा उभ्या आणि उथळ राहतात. फरक दिसतो, पण तो दाखवायला अनुभवी डोळा लागतो.

आणि बसवलेल्या समाधीचं काय? लिंगायत समाजात मृताला पुरण्याची रीत आहे, तेही पुष्कळदा पद्मासनात बसवून, हातात इष्टलिंग आणि अंगाला विभूती. कोल्हापूर आणि सांगलीच्या शिवारांत घरच्या रानात केलेल्या अशा जुन्या समाध्या आहेत. वरचा ओटा गेला, शेत विकलं गेलं, आठवण असणारी पिढी संपली, आणि पन्नास वर्षांनी तिथं पाइपलाइनची चारी निघाली. बसलेला देह कुजताना पाठीचा कणा कंबरेत कोसळतो, बरगड्या त्यावर पडतात आणि कवटी सुटून मांडीवर येते. वरून बघणाऱ्याला दोन-अडीच फुटांच्या खड्ड्यात कोंबलेला हाडांचा ढीग दिसतो; तुकडे करून पुरलं, हाच पहिला अंदाज. जाणकार तळापर्यंत जातो. तिथं दोन्ही नडग्या एकमेकींवर आडव्या, गुडघे बाहेरच्या अंगाला, पावलांची बारीक हाडं जागच्या जागी जुळलेली असतात. दुसरीकडून आणून टाकलेल्या सांगाड्यात नेमकी हीच बारीक हाडं कमी भरतात, कारण ती मूळ जागीच मागे राहतात. म्हणजे चारीतला तो ढीग तळापर्यंत न हलवता तपासला तर पोलिसांचे कित्येक महिने आणि एका कुटुंबाचा मनस्ताप वाचतो. तोच पोत्यात भरून आणला तर हा फरक कुठल्याच प्रयोगशाळेत पुन्हा उभा करता येत नाही.

हाड माणसाचं की जनावराचं, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. चंदगड, राधानगरीच्या जंगलात अस्वलं आहेत, आणि अस्वलाचा कातडं व नखं निघालेला पंजा माणसाच्या हातापायासारखा दिसतो हे या विषयातलं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण आहे. उलट, नवजात बाळाची हाडं कोंबडी-मांजराची समजून फेकली जातात.

हा विषय वाढला तोच मुळी मेलेल्यांना नावानिशी परत करायच्या गरजेतून. थॉमस ड्वाइट यांनी १८७८ मध्ये हाडांवरून ओळख पटवण्यावर लिहिलं, विल्टन क्रॉगमन यांनी १९३९ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयसाठी मार्गदर्शिका तयार केली. पण खरी गती आली ती दुसरं महायुद्ध आणि कोरियाच्या युद्धातल्या सैनिकांचे सांगाडे ओळखताना. मिल्ड्रेड ट्रॉटर यांची उंचीची सूत्रं त्यातलीच, १९५२ ची. मांडीच्या हाडाची सेंटिमीटरमधली लांबी गुणिले २.३८, अधिक ६१.४१. हाड ४५ सेंटिमीटर असेल तर उंची येते १६८.५ सेंटिमीटर. हे सूत्र गोऱ्या अमेरिकन पुरुषांचं, आणि त्यातली प्रमाणित त्रुटी ३.२७ सेंटिमीटर, म्हणजे खात्रीने बोलायचं तर १६२ ते १७५ या पट्ट्यात कुठेही. आपल्या पाठ्यपुस्तकांतले उंची काढायचे जुने गुणक बंगाल-बिहार-ओरिसा, संयुक्त प्रांत आणि पंजाबातल्या हाडांवरचे, १९२४ ते १९४४ या काळातले. कागल-गडहिंग्लजच्या माणसाचे पाय धडाच्या मानाने किती लांब, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ट्रॉटर यांच्याच नडगीच्या सूत्रात एक घोळ होता: मोजताना घोट्याकडचं आतलं टोक धरलेलं नव्हतं आणि सूचनेत मात्र धरा असं लिहिलं होतं. तो उघड व्हायला १९९४-९५ साल उजाडलं. तोवर सूचना पाळून नडगी मोजणाऱ्यांची उत्तरं अडीच-तीन सेंटिमीटरने जास्त येत होती. सूत्र पुस्तकात आहे म्हणून वापरलं, ही सबब या कामात चालत नाही.

वयाच्या बाबतीत तर आपल्याकडची अपेक्षाच चुकीची आहे. प्रौढाचं वय ज्या जागांवरून ठरतं त्यातली एक कंबरेच्या दोन हाडांच्या पुढच्या सांध्यावर आहे. अंगठ्याच्या पेराहून थोडी मोठी ती पाटी विशीत नांगरलेल्या रानासारखी असते, आडव्या सऱ्या आणि वरंबे. पुढे सऱ्या भरतात, पाटी सपाट होते, कडेला काठ धरतो. उतारवयात तीच खडबडीत, भोकाभोकांची होते. सूची आणि ब्रुक्स या संशोधकांच्या पद्धतीत या बदलांच्या सहा पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीवरच्या पुरुषाचं सरासरी वय ३५, पण १०० पैकी ९५ जण ज्या पट्ट्यात येतात तो २३ ते ५७. बायकांत २६ ते ७०. तपासी अंमलदाराला फॉर्मवर एक आकडा हवा असतो आणि डॉक्टर बिचारे ‘अंदाजे ३५’ लिहून देतात. पुढे ५२ वर्षांच्या बेपत्ता माणसाच्या घरी कुणी चौकशीलाच जात नाही, कारण कागदावर ३५ आहे. दात, बरगड्यांची टोकं, गळपट्टीच्या हाडाचं आतलं टोक, सगळं एकत्र वाचलं तर पट्टा आवळता येतो. तरी तो पट्टाच राहतो, आणि तो तसाच लिहायचं धाडस अहवाल देणाऱ्याने दाखवायला हवं.

या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला: न्यायवैद्यकशास्त्राचे डॉक्टर आहेतच की. आहेत, आणि त्यांच्याबद्दल आदर ठेवूनच बोलायचं. त्यांचा दिवस ताज्या मृतदेहांत जातो. अपघात, विष, गळफास, व्हिसेरा, वर कोर्टाच्या तारखा. हाडं हा त्यांच्या अभ्यासातला एक भाग. मृत्यूसमयी झालेली मोड आणि नंतरची मोड यांतला फरक घ्या. ओलावा आणि कोलॅजन, म्हणजे हाडाला लवचीकपणा देणारं प्रथिन, टिकून असलेलं हाड तिरकं, गुळगुळीत कडांनी मोडतं आणि तुटलेली कड बाकीच्या हाडाच्याच रंगाची असते. सुकलेलं हाड खडूच्या कांडीगत काटकोनात तुटतं, कड फिकी पडते. पण ओलावा मृत्यूनंतर काही महिने टिकू शकतो. म्हणून मानवशास्त्रज्ञ ‘मृत्यूच्या सुमारास’ म्हणतो तेव्हा त्यात मृत्यूनंतरचे आठवडेही येतात, आणि वकील त्याचा अर्थ ‘मरताना’ असा घेतात. साक्षीत हे समजावून सांगणं हे पूर्ण वेळेचं काम आहे.

दुसरा आक्षेप, असे सांगाडे येतात तरी किती? पाच जिल्हे, कितीतरी घाट, कोयना-कृष्णा-पंचगंगेचं पाणी, शिवाय कोकणची किनारपट्टी. तेही पुरेसं नसेल तर जिवंत माणसांच्या वयाचं काम आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ प्रमाणे शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर वय हाडांवरून ठरवायचं आणि आदेशापासून १५ दिवसांत उत्तर द्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच सांगितलंय की अशा चाचणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचा फरक धरावा. सतरा की एकोणीस, यावर मुलाचा खटला कुठल्या न्यायालयात चालणार ते ठरतं. मनगट, कोपर, खांदा, कंबर यांचे एक्स-रे वाचणं हे याच शास्त्राचं काम. आणि दरड कोसळते तेव्हा? इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये शोध थांबवला तेव्हा पन्नासहून अधिक माणसं ढिगाऱ्यातच होती. उद्या तिथं हाडं वर आली तर एकाच ठिकाणची मिसळलेली हाडं माणसागणिक वेगळी कोण करणार?

नव्या कायद्याचा आधार पुष्कळजण देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय. लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. चांगली तरतूद. पण सांगाडा सापडतो तेव्हा गुन्हा दाखल होत नाही, कलम १९४ खाली अकस्मात मृत्यूची नोंद होते. गुन्हाच नाही, तर तज्ज्ञाची सक्ती कुठून येणार? डॉक्टरांनी ‘घातपाताची शक्यता’ लिहिल्यावर गुन्हा नोंदतात, तोवर जागेवर नांगर फिरलेला असतो. राज्याने एक परिपत्रक काढून मानवी हाडांच्या प्रत्येक अकस्मात मृत्यूला हीच सक्ती लावली तर कायदा बदलायचीही गरज पडणार नाही. त्याच संहितेचं कलम ३२९ ज्या शासकीय तज्ज्ञांचे अहवाल थेट पुरावा म्हणून वाचता येतात त्यांची यादी देतं. त्यात मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालक आहेत, स्फोटकांचे मुख्य नियंत्रक आहेत. हाडांचा तज्ज्ञ नाही. पण राज्य शासन अधिसूचनेने नाव घालू शकतं. घालावं.

पद भरलं तरी त्या माणसाला ताडून बघायला इथली हाडं लागतील, ज्यांचं वय, लिंग, उंची कागदावर आहे अशी. भारतातून १९८५ च्या बंदीपर्यंत जगभरच्या मेडिकल कॉलेजांना सांगाडे निर्यात होत होते. त्या हाडांना नाव-गाव नव्हतं, संशोधनाला ती तोकडी पडली आणि मिळवली कशी गेली हा प्रश्न वेगळाच. देहदानाचा मार्ग स्वच्छ आहे. देहदानाच्या अर्जात एक वेगळी ओळ टाकावी, ‘शिक्षणानंतर माझा सांगाडा जतन करण्यास संमती आहे’, आणि खाली उंची, जन्मतारीख, व्यवसाय, मोडलेली हाडं. दहा-पंधरा वर्षांत पश्चिम महाराष्ट्राचा स्वतःचा संग्रह उभा राहील.

शेवटी साठवण. पेणजवळ २०१२ मध्ये सापडलेले आणि २०१५ मध्ये पुन्हा उकरलेले शीना बोरा खटल्यातले अवशेष सापडत नाहीत, असं सरकार पक्षाने २०२४ मध्ये कोर्टात सांगितलं. मग ते सीबीआयच्या दिल्लीतल्या कार्यालयात असल्याचं कळलं. देशभर गाजलेल्या खटल्यात ही गत, तर गगनबावड्याच्या एखाद्या बेवारस सांगाड्याची काय कथा? प्रौढ माणसाचा सगळा सांगाडा ६० सेंटिमीटर लांबीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मावतो. कवटीला वेगळं खोकं. त्यासाठी कुलूपबंद, कोरडी खोली, लोखंडी मांडणी आणि एक रजिस्टर लागतं: अकस्मात मृत्यूचा क्रमांक, पोलीस ठाणं, गावाचं नाव, गट क्रमांक, जीपीएस, आलेल्या हाडांची संख्या, नमुना म्हणून कोणतं हाड कुठे गेलं, परत आलं की नाही, आणि खोकं ज्याने उघडलं त्याची सही. ओळख पटली नाही म्हणून हाडांची विल्हेवाट लावायची असेल, तर दोन दाढा आणि मांडीच्या हाडाचा आठ-दहा सेंटिमीटरचा तुकडा सीलबंद पाकिटात त्याच क्रमांकाने मागे ठेवावा, आणि ते पाकीट किती वर्षं ठेवायचं हे शासनाने लेखी ठरवून द्यावं.